तेवढं पान सोडून वाचायचं का?

पाटीपेन्सिल

मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. सहावीचा वर्ग, पट 46. मंगळवारचा मधल्या सुट्टीनंतरचा तास मी गेली अकरा वर्षं गोष्टींसाठी राखून ठेवलाय. मी मोठ्यानं वाचते, मुलं ऐकतात. प्रश्नोत्तरं नाहीत, वहीत काही उतरवायचं नाही.

यंदा 'श्यामची आई' घेतलं. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं हे पुस्तक नावानं ओळखतात, आतून नाही. आमच्या पिढीनं ते रडत वाचलं. ही मुलं रडत नाहीत, विचारतात. पोहण्याच्या प्रकरणात आई श्यामला शिंपटीनं मारते, तिथं एकानं हात वर केला. "बाई, मुलांना मारायचं नाही असा कायदा आहे ना?" शिक्षण हक्क कायद्याचं 17वं कलम त्याला माहीत असायचं कारण नाही, पण मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावलेला फलक त्यानं वाचला होता. त्या दिवशी अर्धा तास नुसता मारावर गेला. कोणाला कशानं मार बसतो, बसल्यावर काय वाटतं, आईला नंतर वाईट वाटलं म्हणजे भागलं का. मला तो तास फार आवडला.

अडचण पुढच्या मंगळवारी आली. वाटेत एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी पडते, कोणी हात लावत नाही, श्यामची आई त्याला सांगते की जा, उचलून दे, आणि घरी आल्यावर आंघोळ कर. ते प्रकरण. वीज गेलेली, पंखे बंद, वर्ग अगदी शांत. मी वाचलं आणि थांबले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "चांगलं काम केलं तर आंघोळ कशाला?" मी तोंड उघडायच्या आत दुसऱ्यानं उत्तर दिलं, "ती महार होती ना." अगदी सहज, पाढा म्हटल्यासारखं.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं कंपासपेटी उघडली, बंद केली, परत उघडली. हे मी पाहिलं, पण त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही. मी काळ वेगळा होता, साने गुरुजींनी हे मोडण्यासाठीच लिहिलं, असं काहीतरी बोलले आणि घंटा झाली.

त्याच आठवड्यात दोन पालक येऊन गेले. एका आई म्हणाल्या, आमच्या मुलाला जात हा शब्दच माहीत नव्हता, तुम्ही कशाला शिकवता? दुसरे त्या कंपासपेटीवाल्या मुलीचे वडील. ते फार कमी बोलले. म्हणाले, "बाई, हे पुस्तक वर्गात नसतं तर बरं झालं असतं." मुख्याध्यापकांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मला सांगितलं, तेवढं प्रकरण सोडून पुढे वाचा.

मला पुस्तकातलं पान सोडायला जमत नाही. पण त्या वडिलांचा चेहराही डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्ही काय केलं असतंत?

खडूधूळ

बाई, मी 31 वर्षं शिकवून निवृत्त झालोय. मुख्याध्यापकांच्या बाजूनं बोलतो, राग मानू नका.

हे पाठ्यपुस्तक नाही, सक्ती नाही. अकरा वर्षांच्या मुलांना एखादी गोष्ट झेपत नसेल तर ती दोन वर्षांनी वाचावी. पस्तीस मिनिटांच्या तासात जातीचा प्रश्न उघडायचा आणि घंटा झाली की गणिताची वही काढायची, यात मुलं उघडी पडतात. तुमच्याच बाबतीत तेच झालं. पुढच्या तासाला गणिताच्या सरांना माहीतही नसणार की आत्ता या वर्गात काय बोललं गेलं.

रिकामी वही

मी लहान मुलांसाठी लिहिते. लेखकाच्या बाजूनं थोडं लांबण लावते.

मुलांच्या पुस्तकातून काय काढायचं हा प्रश्न वर्गात यायच्या आधी आमच्या टेबलावर येतो. माझ्या एका चित्रपुस्तकात आजोबा वारतात. नात त्यांची काठी घेऊन अंगणात चालून बघते, ठक, ठक, आणि तिच्या लक्षात येतं की काठी तिच्यापेक्षा उंच आहे. बस, एवढीच गोष्ट. 24 पानांचा आराखडा, चित्रकारानं कच्ची चित्रं काढून दिलेली. प्रकाशकांकडून निरोप आला की आजोबांना गावाला पाठवा. पालक मरणाचं पुस्तक विकत घेत नाहीत म्हणे. मी तीन रात्री बसून पाहिलं. आजोबा गावाला गेले असतील तर काठी घरी कशी राहील? काठीशिवाय म्हातारा माणूस एसटीत चढतो का? एक गोष्ट काढली की सगळी वीण उसवते. ते पुस्तक अजून निघालेलं नाही.

पण काही बदलूच नये असंही मी म्हणत नाही. रोआल्ड डाल यांच्या चॉकलेट कारखान्याच्या गोष्टीत 1964 साली कारखान्यातले बुटके कामगार आफ्रिकेतून आणलेले काळे लोक होते. त्यावर टीका झाली आणि 1973 च्या आवृत्तीत डाल यांनी स्वतः ते बदलले. ते 1990 साली वारले. मग 2023 च्या फेब्रुवारीत बातमी आली की प्रकाशकांनी त्यांच्या पुस्तकांतले 'लठ्ठ', 'कुरूप' असे शब्द ठिकठिकाणी बदललेत. गदारोळ झाल्यावर जुना मजकूरही छापत राहू असं त्यांना जाहीर करावं लागलं. हे दोन बदल मला एका तागडीत घालता येत नाहीत. पहिल्यात लेखकानं कुणाचं तरी दुखणं ऐकलं. दुसऱ्यात तो ऐकायला उरलाच नव्हता, आणि 'लठ्ठ'च्या जागी 'अवाढव्य' घातल्यानं कुठल्या लठ्ठ मुलाचं काय भलं झालं, मला कळलेलं नाही.

साने गुरुजी आता बदलायला येणार नाहीत. म्हणजे आहे ते वाचणं किंवा न वाचणं, एवढंच आपल्या हातात.

हडपसरकर

आमच्याकडे 'तोत्तोचान'वरून झालं. शाळेच्या वर्गग्रंथालयातलं पुस्तक. तेत्सुको कुरोयानागींचं, जपानमध्ये 1981 ला आलं, नॅशनल बुक ट्रस्टनं मराठीत काढलंय. चौथीतल्या एका मुलानं घरी नेलं. त्यात मुख्याध्यापक कोबायाशी मुलांना पोहण्याच्या तलावात कपड्यांशिवाय उतरू देतात. त्या एका पानाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला आणि रात्री अकरापर्यंत नव्वद मेसेज. त्या नव्वदात पुस्तक वाचलेले आम्ही दोघे-तिघे.

मी त्याच प्रकरणातला पुढचा भाग टाईप करून टाकला. ज्याला कपडे घालायचे त्यानं घालावेत अशी मुभा होती. आणि कोबायाशींनी हे का केलं, तर वर्गात पोलिओ झालेली, शरीर वेगळं असलेली मुलं होती, त्यांना आपल्या शरीराची लाज वाटू नये म्हणून. त्यानंतर ग्रुपवर बराच वेळ शांतता. मग एका वडिलांनी लिहिलं की माझी मुलगी भाजल्यापासून पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घालते, मला हे पुस्तक पाहिजे.

पण तोवर शाळेनं पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं, ते आजतागायत तसंच आहे. खडूधूळ सर, 'दोन वर्षांनी वाचू' म्हणून ठेवलेलं पुस्तक परत कोणी काढत नाही. माझा एवढाच अनुभव.

कोपऱ्यातला बाक

मी इथं फारसा लिहीत नाही. आज लिहितो.

मी त्या कंपासपेटीवाल्या मुलीच्या जागी बसलोय. पुण्यातलीच शाळा, पेठेतली, सातवी. सरांनी हेच प्रकरण वाचलं, फार सुंदर वाचलं, आवाज भरून आला होता त्यांचा. आणि तो शब्द आला तेव्हा चार-पाच माना माझ्याकडे वळल्या. कोणी काही बोललं नाही. वाईट नजरेनंही पाहिलं नाही, उलट दयेनं पाहिलं. त्या दयेनं मी तीन दिवस शाळेत गेलो नाही. पोटात दुखतं म्हणून सांगितलं घरी.

तुम्ही सगळे वर चर्चा करताय की पुस्तक ठेवायचं की काढायचं. माझा मुद्दा वेगळा आहे. श्यामनं मोळी उचलली, त्याला काय वाटलं, त्याच्या आईला काय वाटलं, गाव काय म्हणालं, हे सगळं आम्हाला विचारलं गेलं. त्या म्हातारीला काय वाटलं असेल, हे कुणीही विचारलं नाही. मुलगा मोळी देऊन घरी धावला आणि अंगावर पाणी घेतलं, हे तिला ठाऊक असणारच. ती मोळी घेऊन कुठं गेली? तिची किती लाकडं खपली? माझी पणजी मोळ्या विकायची. मला ठाऊक होतं ना, मी सांगू शकलो असतो. पण त्या वर्गात मी दया करायचा विषय होतो, सांगणारा नव्हतो.

बाई, तुम्ही त्या मुलीला वर्गात बोलायला लावू नका, चुकूनसुद्धा. तिला उभं करून 'तुला काय वाटतं' विचारणं म्हणजे परत माना वळवणं.

पण पुस्तक काढू नका. ते काढलं तर तो मुलगा 'ती महार होती ना' हे पाढ्यासारखं म्हणतच राहणार, फक्त तुम्हाला ऐकू येणार नाही. त्याला ते पुस्तकानं शिकवलेलं नाही, त्याला ते आधीच येत होतं. आणि ज्या आईंचं म्हणणं आहे की मुलाला जात माहीत नव्हती, त्यांना एवढंच सांगतो की माझ्या मुलीला ती चौथ्या वर्षी माहीत झाली, सोसायटीच्या बागेत, आडनावावरून. माहीत नसणं हेसुद्धा काही जणांच्याच वाट्याला येतं.

क्रम बदला. आधी आमच्यातलं कोणीतरी स्वतःच्या तोंडानं बोललेलं वाचा, मग मोळी. मला हे दहावीच्या पुढं मिळालं. अण्णा भाऊंची 'स्मशानातील सोनं' वाचली तेव्हा हाताला काम नसलेला भीमा गोष्टीच्या मधोमध उभा होता, त्याच्यावर कोणी दया करत नव्हतं, गोष्ट त्याची होती. पण ती सहावीला नको, त्यात प्रेतं उकरणं आहे. सहावीसाठी मुक्ता साळवे आहे की.

पाटीपेन्सिल

कोपऱ्यातला बाक, तुम्ही लिहिलंत ते मी कालपासून कितीदा वाचलं. कंपासपेटी मी पाहिली होती आणि तरी बोलत राहिले. त्याचं मला फार वाईट वाटतंय.

मुक्ता साळवेंचा निबंध मी डी.एड.ला असताना नावानं ऐकला, वाचलेला नाही. मुलांना तो समजेल?

कोपऱ्यातला बाक

सगळा नाही समजणार. भाषा 1855 ची आहे. 'मांग महारांच्या दुःखाविषयी', 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. लिहिणारी जोतिबा-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली विद्यार्थिनी, मांग समाजातली, वय 14. म्हणजे तुमच्या मुलांपेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठी.

ती दया मागत नाही, भांडते. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर मग आम्ही धर्मरहित झालो की नाही, असं देवालाच विचारते. इमारतींच्या पायात शेंदूर पाजून आमच्या लोकांना पुरत होते, हे लिहिते. तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याचं डोकं कापून गुलटेकडीच्या मैदानात चेंडूसारखं खेळत, हे लिहिते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, तेही. निवडून वाचा. पण नाव, वय, साल आणि पुणे, हे चार शब्द सोडू नका.

मोरपीस

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. मुलांच्या पुस्तकांवर आपल्याकडे खूप रान उठतं, पण कशावर उठतं तेही बघा. 2024 मध्ये पहिलीच्या बालभारतीतल्या जंगलातल्या मैफलीच्या कवितेवर किती दिवस चाललं होतं! 'शोर' हिंदी, 'वन्स मोअर' इंग्रजी. माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता. ती कविता म्हणताना तो खुर्चीवर चढायचा. मलाही मराठी शब्दांची काळजी आहे, मी शुद्धलेखन तपासून पोट भरते. पण तिसऱ्या बाकावरच्या मुलीसाठी असं रान उठलेलं मी पाहिलेलं नाही.

रिकामी वही

मोरपीस, विषयांतर नाही हे. रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन बाईंनी 1990 मध्ये एका लेखात लिहिलंय की मुलांची पुस्तकं आरसे असतात, खिडक्या असतात आणि सरकती दारंही. काही मुलांना सगळीकडे आरसेच मिळतात, काहींना एकही मिळत नाही. मी हे वाचून माझ्याच अकरा पुस्तकांतल्या मुलांची नावं कागदावर काढली. राधिका, ओंकार, सई, अनय. आडनाव एकालाही दिलेलं नव्हतं आणि तरी प्रत्येकाचं घर कुठल्या वस्तीत आहे ते मला ठाऊक होतं. चित्रकाराला कधी सांगावंही लागलं नाही, त्यानं आपणहून दारात तुळशीवृंदावन काढलं.

बाराव्या पुस्तकात एक मुलगी लिहायला घेतलीय, तिची आई कचरा वेचते. लिहून चार वेळा फाडलं, कारण दर वेळी शेवटी कोणीतरी येऊन तिला मदत करतं. मोळी उचलून देतं. ते मला थांबवता येत नव्हतं. आता पाचव्या खर्ड्यात ती आणि तिची आई वजनकाट्यावरच्या माणसाशी हिशेबावरून भांडतात आणि दोन किलो वाढवून घेतात. एवढीच गोष्ट ठेवलीय. त्यासाठी एका वेचक ताईंबरोबर सकाळी सहापासून तीन दिवस फिरले. पत्र्याला, पुठ्ठ्याला, बाटलीला वेगवेगळा भाव असतो आणि ओल्या पुठ्ठ्याचं वजन कापून घेतात, हे घरी बसून मला कधी सुचलं नसतं.

खडूधूळ

दोन दिवस काही लिहिलं नाही. कोपऱ्यातला बाक, तुमची शाळा कोणती ते विचारत नाही. पण मी पेठेतल्याच शाळेत होतो आणि हे प्रकरण मीही वाचून दाखवायचो, आवाज भरून येईपर्यंत. माझ्याही वर्गात माना वळल्या असतील. मी पुस्तकात बघत होतो.

बाई, सोडून द्या हा सल्ला मी मागे घेतो. एका तासात नको, हे मात्र अजून म्हणतो. मुख्याध्यापकांकडून लागोपाठ दोन तास मागा. आणि एक गोष्ट मुलांना सांगा, ती आम्ही कधी सांगितली नाही. गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून ते दहा दिवस उपोषणाला बसले. आंघोळीच्या प्रश्नाला लेखकानं नंतर स्वतःच्या जिवावर काय उत्तर दिलं, ते त्या मागच्या बाकावरच्या मुलाला कळायला हवं.

पाटीपेन्सिल

आज मंगळवार. आत्ताच घरी आले, चहा ठेवलाय, तोवर लिहून टाकते.

आधी त्या वडिलांना भेटले. शाळेत बोलावलं नाही, मुलीला न्यायला येतात तेव्हा फाटकापाशी थांबले. माझं चुकलं असं सांगितलं, आणि मुक्ताचा निबंध आधी वाचणार आहे, मुलीला काही विचारणार नाही, हेही. ते म्हणाले, मुक्ताचं तिला घरी माहितीय, आजीनं सांगितलंय. मग थोडं थांबून म्हणाले, वाचा.

मुख्याध्यापकांनी दोन तास दिले. लेखी काही दिलं नाही, पण स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले.

मी फळ्यावर तेवढंच लिहिलं. मुक्ता, 14, 1855, पुणे. वाचताना भाषा खरंच अडली, दर दोन ओळींनी थांबून मला आजच्या मराठीत सांगावं लागलं. वर्ग चुळबुळायला लागला होता. मग गुलटेकडी आली. एकदम चार-पाच जण बोलले, "बाई, गुलटेकडी म्हणजे मार्केट यार्डची?" हो म्हटल्यावर एक मुलगा उभाच राहिला. त्याचे बाबा तिथं हमाली करतात. "तिथं?" एवढंच म्हणाला. त्यानंतर चुळबूळ थांबली.

'महार होती ना' म्हणणाऱ्या मुलानं दुसऱ्या तासाला विचारलं की मुक्ताला हे लिहिल्यावर कोणी मारलं नाही का. मी म्हटलं, शोधून सांगते. तिसऱ्या बाकावरची काही बोलली नाही. मी तिच्याकडे पाहिलंही नाही, तुम्ही सांगितलं होतं तसं. घंटा झाल्यावर ती टेबलापाशी आली आणि माझ्या हातातली झेरॉक्स मागितली. मी दिली. मोळीचं प्रकरण पुढच्या मंगळवारी, त्या म्हातारीपासून सुरू करणार आहे.

आता एक काम आहे. माझी झेरॉक्स गेली, आणि तीही पुसट होती. मोठ्या अक्षरातला, कठीण शब्दांचे अर्थ दिलेला निबंध कोणाकडे आहे का? 46 प्रती काढायच्यात.

कोपऱ्यातला बाक

माझ्याकडे आहे. माझ्या मुलीसाठी मी तो 16 च्या टाइपात टाईप करून ठेवलाय, खाली शब्दार्थ आहेत. शनिवारी अप्पा बळवंत चौकात कामाला येतोय, तिथंच प्रती काढून घेतो. कुठं आणून देऊ ते निरोपातून कळवा. 46 नको, 47 काढतो. मुख्याध्यापकांनाही लागेल.